बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, पण रक्ताच्या पिशव्यांमधून आलेल्या लोहाचं काय?

रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं.

आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण थॅलेसेमिया मेजर असलेल्या एखाद्या मुलाला दर तीन आठवड्यांनी एक पिशवी चढवावी लागते असं धरा. वर्षाला झाल्या सतरा पिशव्या. म्हणजे साडेतीन ते चार ग्रॅम लोह. आता धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून किती लोह असतं? तीन ते चार ग्रॅम. म्हणजे त्या मुलाच्या अंगात दरवर्षी एका मोठ्या माणसाच्या वाटचं लोह नव्यानं ओतलं जातं.

ब्लड कॅन्सरच्या पेशंटचंही असंच. केमोच्या फेऱ्या सुरू झाल्या की हिमोग्लोबिन पडतं, रक्त चढवावं लागतं. ट्रान्सप्लांटची तारीख येईपर्यंत वीस पिशव्या झाल्या असतील, तर चार-पाच ग्रॅम जादा लोह आधीच शरीरात जाऊन बसलेलं असतं.

ट्रान्सप्लांटचं नाव निघालं की घरच्यांच्या डोक्यात हजार गोष्टी असतात. डोनर जुळेल का, पैसे कुठून आणायचे, नव्या पेशी धरतील का. या गडबडीत लोहाचा विषय सहसा मागे पडतो. आपल्याकडे तर लोह म्हणजे चांगलंच, जितकं जास्त तितकं बरं, असा समज. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, बाळंतिणीला अळीव आणि खारकेचे लाडू मिळतात. लोह जास्त झालं म्हणून कुणी आजारी पडतं, हेच मुळात पटत नाही.

पण ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हेच जादा लोह जंतूंच्या कामी येऊ शकतं. कसं, ते बघू.

शरीरात लोहाला आत यायला दार आहे, बाहेर जायला नाही

जेवणातलं लोह आतड्यातून शरीरात जातं, तेही दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. साधारण तेवढंच रोज बाहेर पडतं. आतड्याच्या आणि कातडीच्या मेलेल्या पेशींबरोबर थोडं, बायकांच्या पाळीत थोडं. मीठ जास्त झालं तर किडनी ते लघवीतून काढून टाकते. लोहासाठी अशी सोयच नाही. जादा लोह ठरवून बाहेर फेकणारा अवयव माणसाला नाही.

म्हणून शरीर सगळा हिशोब दारातच करतं. लिव्हर हेप्सिडिन नावाचं एक हार्मोन बनवतं. लोह पुरेसं असलं की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून रक्तात येणारं लोह अडवलं जातं. लोह कमी पडलं की हेप्सिडिन उतरतं आणि दार उघडतं. व्यवस्था उत्तम आहे. फक्त सलाईनच्या नळीतून रक्त चढवलं की हे दारच टाळलं जातं. हेप्सिडिननं कितीही आरडाओरडा केला तरी लोह थेट रक्तात पोचलेलं असतं.

चढवलेल्या तांबड्या पेशी काही आठवड्यांनी मरतात. त्यांचं विघटन करणाऱ्या पेशी प्लीहेत आणि लिव्हरमध्ये असतात. त्या आतलं लोह काढून फेरिटिन नावाच्या प्रोटीनच्या डबीत बंद करून ठेवतात. डब्या भरत गेल्या की लोह सांडायला लागतं. आधी लिव्हरमध्ये, मग हृदयात, स्वादुपिंडात, वाढीची हार्मोन्स बनवणाऱ्या ग्रंथींमध्ये. वर्षानुवर्षं रक्त घेणाऱ्या आणि लोह उतरवण्याची औषधं नीट न मिळालेल्या थॅलेसेमियाच्या मुलांची उंची खुंटते, डायबिटीस होतो, हृदय थकतं, त्याचं कारण हेच.

जंतूंना लोह कशाला हवं?

आपल्याला हवं असतं त्याच कारणासाठी. श्वसन, वाढ, डीएनए बनवणं, यातलं काहीही लोहाशिवाय होत नाही. अगदी मोजके जंतू सोडले तर बाकी सगळे लोहाचे भुकेले.

ही गोष्ट लक्षात आली ती अंड्यामुळे. १९४४ मध्ये आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या दोन अमेरिकी संशोधकांना दिसलं की अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकात आमांशाचे जंतू वाढत नाहीत. त्यांनी त्यात वेगवेगळी पोषक द्रव्यं घालून पाहिली. लोह घातलं तेव्हाच जंतू पुन्हा वाढायला लागले. म्हणजे बलकातलं काहीतरी लोहाला धरून ठेवत होतं आणि जंतू उपाशी मरत होते. दोनच वर्षांनी त्यांनी माणसाच्या रक्तातही तसंच काम करणारं प्रोटीन दाखवलं. त्यालाच आज आपण ट्रान्सफेरिन म्हणतो.

ट्रान्सफेरिन म्हणजे लोहाची ने-आण करणारी कुलूपबंद गाडी. निरोगी माणसात या गाड्यांच्या साधारण एक तृतीयांश जागा भरलेल्या असतात, बाकी रिकाम्या. त्यामुळे कुठेही मोकळं लोह दिसलं की लगेच उचललं जातं. रक्तात सुटं लोह जवळपास नसतंच. आईच्या दुधात, अश्रूंत, लाळेत लॅक्टोफेरिन नावाचं प्रोटीन हेच काम करतं. ताप आला, इन्फेक्शन झालं की लिव्हर मुद्दाम हेप्सिडिन वाढवतं आणि रक्तातलं लोह आणखी खाली नेतं. जंतूंची रसद तोडायची, एवढा साधा डाव. हेप्सिडिन २००० च्या सुमारास सापडलं, तेच मुळी जंतू मारणारं द्रव्य म्हणून. लोहाशी त्याचं नातं नंतर उलगडलं.

जंतूही कच्चे नाहीत. बरेच बॅक्टेरिया आणि बुरश्या सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू सोडतात. हे रेणू बाहेर जाऊन लोह पकडतात आणि परत जंतूकडे घेऊन येतात. म्हणजे एका बाजूला आपली कुलपं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या चाव्या.

या ओढाताणीत लोहाचं पारडं किती जड असू शकतं, हे शिकागोतल्या एका घटनेनं दाखवलं. सप्टेंबर २००९ मध्ये तिथल्या विद्यापीठात प्लेगच्या जंतूवर काम करणारा एक संशोधक दगावला. चक्रावणारी गोष्ट म्हणजे तो हाताळत असलेला जंतू प्रयोगशाळेसाठी मुद्दाम दुबळा केलेला होता. त्या जंतूची लोह मिळवण्याची यंत्रणाच काढून टाकलेली होती, त्यामुळे तो माणसाला मारणार नाही असं धरलेलं होतं. मृत्यूनंतरच्या तपासणीत कळलं की या संशोधकाला हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे जन्मतःच शरीरात लोह साठत जाण्याचा आजार. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. जंतूला जे स्वतः मिळवता येत नव्हतं ते त्याला तयार मिळालं, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्षवजा अंदाज होता.

ट्रान्सप्लांटच्या आठवड्यांत नेमकं काय होतं?

आधी दोन ओळी ट्रान्सप्लांटबद्दल. पेशंटची बिघडलेली अस्थिमज्जा जोरदार केमो देऊन, कधी रेडिएशन देऊन रिकामी करतात. याला कंडिशनिंग म्हणतात. मग डोनरच्या किंवा पेशंटच्याच आधी काढून ठेवलेल्या स्टेम सेल्स शिरेतून सोडतात. त्या हाडांपर्यंत पोचतात आणि रुजल्या की नवं रक्त तयार होऊ लागतं. रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पूर्वी या पेशी कमरेच्या हाडातून काढत, आता बऱ्याचदा हाताच्या शिरेतून मशीननं गोळा करतात. म्हणून बोन मॅरो ट्रान्सप्लांट आणि स्टेम सेल ट्रान्सप्लांट ही दोन्ही नावं एकाच उपचाराला सर्रास वापरली जातात.

मधल्या आठवड्यांत पेशंटच्या पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर असतात. केमोनं तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोललेलं असतं, त्यामुळे पोटातले जंतू रक्तात शिरायला वाट मोकळी. छातीत किंवा मानेत सेंट्रल लाइन टाकलेली असते, कातडीवरच्या जंतूंना तो आणखी एक रस्ता. हे सगळ्यांना सांगितलं जातं. मास्क, वेगळी खोली, उकळलेलं पाणी, भेटायला येऊ नका, हे त्यासाठीच.

लोहाच्या बाजूला काय चाललेलं असतं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

निरोगी माणसाची अस्थिमज्जा नव्या तांबड्या पेशी बनवण्यासाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह वापरते. जुन्या पेशी मोडल्या की त्यांचं लोह परत तिकडेच जातं. कंडिशनिंगनंतर मज्जा बंद पडते, म्हणजे लोहाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच बाजारातून उठतं. पुरवठा मात्र चालूच, वरून रक्ताच्या नव्या पिशव्याही चढत असतात. त्यात केमोनं लिव्हरच्या पेशींना मार बसलेला, त्यांच्यातलं साठवलेलं लोहही गळायला लागतं. मग ट्रान्सफेरिनच्या गाड्या भरतात. एक तृतीयांशावरून बघता बघता जवळपास शंभर टक्के. आता जे लोह उरतं ते सुटं फिरतं.

फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी नेमक्या याच दिवसांतलं पेशंटचं रक्त तपासलं होतं. कातडीवर राहणारा आणि सेंट्रल लाइनमधून आत शिरणारा एक नेहमीचा बॅक्टेरिया आहे, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. ज्या नमुन्यांत सुटं लोह होतं त्यांत तो वाढला. रिकामं ट्रान्सफेरिन घालून ते लोह पकडलं की वाढ थांबली. शेड आणि कॅरोलाइनचा अंड्याचा प्रयोग, साठ वर्षांनी, माणसाच्या रक्तात.

म्हणजे पहारेकरी रजेवर आणि कोठाराला कुलूप नाही, हे दोन्ही एकाच वेळी. शिवाय जंतू गिळणाऱ्या पेशी स्वतःच लोहानं भरलेल्या असल्या की त्यांचं कामही मंदावतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींचा आकडा परत वर आला तरी धोका लगेच संपत नाही.

बुरशीचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसनं, म्हणजे काळ्या बुरशीनं काय केलं ते आपल्याला आठवतंय. त्यामागे बेताल शुगर आणि स्टेरॉइड्स ही मोठी कारणं होती. पण म्युकरला लोह प्रचंड आवडतं, हे त्याआधीपासून माहीत होतं. डायबिटीसमध्ये शुगर फार चढून रक्त आम्लधर्मी झालं की ट्रान्सफेरिनची पकड सुटते आणि मोकळं लोह वाढतं. ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्येही म्युकर आणि ॲस्परजिलस या दोन बुरश्यांची डॉक्टरांना सगळ्यात जास्त धास्ती असते.

मग अभ्यास काय सांगतात? उत्तर सरळ नाही

इथपर्यंतचं वाचून वाटेल की मामला मिटला, लोह म्हणजे गुन्हेगार. थांबा.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामधून एक अभ्यास आला. मल्टिपल मायलोमा या कॅन्सरसाठी स्वतःच्याच स्टेम सेल्सनी ट्रान्सप्लांट झालेले ३६७ पेशंट. ज्यांच्या अस्थिमज्जेत लोहाचा साठा जास्त होता त्यांना गंभीर इन्फेक्शन जास्त झाली. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या डॉक्टरांनी डोनरच्या पेशी घेतलेल्या ५९० पेशंटची आकडेवारी मांडली. ट्रान्सप्लांटच्या आधी फेरिटिन खूप जास्त असलेले पेशंट कमी जगले होते. जगभरात चर्चा सुरू झाली की ट्रान्सप्लांटआधी लोह उतरवायलाच हवं.

मग एमआरआय आलं. लिव्हरमध्ये खरोखर किती लोह आहे हे एमआरआयवर मोजता येतं. २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गटानं तसं मोजून पाहिलं, तर लिव्हरमधलं लोह आणि ट्रान्सप्लांटचा निकाल यांचा संबंध दिसेना. २०१४ मध्ये बोस्टनच्या त्याच डॉक्टरांनी इतर गटांबरोबर चार अभ्यासांतले २७६ पेशंट एकत्र केले. पुन्हा तेच. फेरिटिन जास्त असलेल्यांचे निकाल वाईट, पण लिव्हरमधल्या लोहाचा संबंध नाही.

हे कसं? कारण फेरिटिन फक्त लोह सांगत नाही. शरीरात कुठेही सूज असो, इन्फेक्शन असो, कॅन्सर चाळवलेला असो, लिव्हर दुखावलेलं असो, फेरिटिन वाढतं. कोविडमध्ये अनेकांचे फेरिटिनचे रिपोर्ट भलतेच वर आले होते, त्यांच्या अंगात रातोरात लोह थोडंच आलं होतं. म्हणजे फेरिटिन जास्त असलेला पेशंट मुळातच जास्त आजारी असू शकतो.

२०१८ मध्ये जर्मनीतून आलेल्या अभ्यासानं या गुंत्याला बरीच वाट करून दिली, असं मला वाटतं. त्यांनी साठवलेलं लोह आणि रक्तात सुटं फिरणारं लोह दोन्ही मोजलं. ज्यांच्या रक्तात ट्रान्सप्लांटआधी सुटं लोह वाढलेलं होतं, त्यांच्यात कॅन्सर परत न येताही, म्हणजे इन्फेक्शनसारख्या इतर कारणांनी मृत्यू होण्याचं प्रमाण जास्त निघालं. वर सांगितलेल्या जंतूंच्या गणिताशी हे जुळतं. डबीत बंद असलेलं लोह जंतूला सहजी मिळत नाही, सांडलेलं मिळतं.

अडचण अशी की सुट्या लोहाची तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. त्यामुळे डॉक्टर फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि लिव्हर-हृदयाचा एमआरआय असं मिळून चित्र बघतात. या एमआरआयला टी-टू-स्टार म्हणतात. हृदयासाठी त्याचा आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली आला म्हणजे लोह साठलंय, १० च्या खाली म्हणजे हृदय धोक्यात. इथे आकडा जितका लहान तितकं लोह जास्त, हे लक्षात ठेवा. रिपोर्ट उलटा वाचला जातो तो इथेच. आणि तापात काढलेल्या फेरिटिनवरून घाबरूही नका, निष्कर्षही काढू नका.

थॅलेसेमियात मात्र शंका नाही

कॅन्सरच्या पेशंटबाबत वाद असला तरी थॅलेसेमियात लोहाचा वाटा केव्हाच सिद्ध झालाय. डिसेंबर १९८१ मध्ये सिॲटलमध्ये थॅलेसेमियाच्या पेशंटवर पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं. तिथले डॉ. डोनल थॉमस यांना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं. पण थॅलेसेमियाचं खरं शास्त्र उभं राहिलं इटलीतल्या पेसारो नावाच्या छोट्या शहरात, डॉ. ग्विदो लुकारेल्ली यांच्याकडे.

लुकारेल्लींनी मुलांचे तीन गट पाडले, तेही तीन साध्या प्रश्नांवर. लिव्हर वाढलंय का? लिव्हरमध्ये वण पडलेत का? लोह उतरवणारी औषधं आजवर नियमित घेतलीत का? तिन्ही उत्तरं चांगली असतील तर पहिला गट, तिन्ही वाईट असतील तर तिसरा. सुरुवातीच्या उपचारपद्धतीत पहिल्या गटातली ९० टक्क्यांहून जास्त मुलं जगली, तिसऱ्या गटात हाच आकडा ६० टक्क्यांच्या आसपास होता. पुढे औषधांचे डोस बदलले आणि तिसऱ्या गटाचे निकालही सुधारले. पण प्रश्न नीट बघा. तिन्ही फिरून फिरून लोहाशीच येतात. ट्रान्सप्लांटच्या दिवशी काय होईल ते आधीच्या पाच-सात वर्षांत रोजची औषधं घेतली की नाही यावर ठरत होतं.

आपल्याकडे हे थेट लागू पडतं. भारतात दरवर्षी साधारण १० हजार मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत प्रमाण जास्त आहे, म्हणजे उल्हासनगर, मुंबई, नागपूर, पुणे इथल्या कितीतरी घरांत हा विषय रोजचा आहे. देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. आता बोरिवलीला मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया आणि ट्रान्सप्लांटचं खास केंद्र आहे. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजना चालते, पात्र मुलांना ट्रान्सप्लांटसाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. पैसे आणि डोनर मिळेपर्यंत मूल वाट बघत असतं, आणि वाट बघण्याच्या प्रत्येक महिन्यात पिशव्या चढतच असतात. या काळात लोहाचं औषध चुकवलं तर पहिल्या गटातलं मूल सरकत सरकत तिसऱ्या गटात जातं.

लोह काढायचं कसं आणि कधी?

ट्रान्सप्लांट यशस्वी झालं, नवं रक्त बनू लागलं, पिशव्या थांबल्या. घरात पेढे वाटले जातात. पण आधीचं लोह कुठेही जात नाही. दार नाही, हे आपण बघितलंच.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रक्त काढणं. ऐकायला विचित्र वाटतं, ज्या मुलाला आयुष्यभर रक्त दिलं त्याचंच रक्त काढायचं? पण आता त्याची मज्जा चांगली आहे. रक्त काढलं की ती नव्या पेशी बनवते, त्यासाठी लोह लागतं, आणि ते लिव्हरमधल्या साठ्यातून उचललं जातं. पेसारोच्या डॉक्टरांनी बसवलेला हिशोब असा: दर १४ दिवसांनी, वजनाच्या दर किलोमागे ६ मिलिलिटर. म्हणजे ३० किलोच्या मुलाचं एका वेळी १८० मिलिलिटर. साठा किती आहे त्यावर हे काही महिने ते काही वर्षं चालतं. त्यासाठी हिमोग्लोबिन टिकून असायला हवं आणि शीर मिळायला हवी. लहान मुलांत ही दुसरी अट कधीकधी पहिलीपेक्षा अवघड.

रक्त काढता येत नसेल तर औषधं. यांना चिलेटर म्हणतात, लोहाला चिकटून ते बाहेर नेणारी. तीन आहेत, आणि ट्रान्सप्लांटनंतर प्रत्येकाची स्वतःची कटकट आहे.

डेफेरासिरॉक्स ही रोज तोंडानं घ्यायची गोळी, २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि आज सर्वाधिक वापरात आहे. पण किडनीवर भार टाकते. ट्रान्सप्लांटनंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिनही किडनीवरच भार टाकतं, त्यामुळे दोन्ही एकत्र देताना क्रिएटिनिनवर बारीक नजर ठेवावी लागते, किंवा थांबावं लागतं. डेफेरिप्रोन सर्वांत आधी वापरात आलं ते भारतात, नव्वदच्या दशकात. हृदयातलं लोह काढायला ते चांगलं. पण थोड्या पेशंटमध्ये ते पांढऱ्या पेशी अचानक खाली आणतं, आणि नुकतीच रुजलेली मज्जा असताना तो जुगार कुणाला नको असतो.

तिसरं डेस्फेरॉक्सामिन, सगळ्यात जुनं. रात्रभर छोट्या पंपानं कातडीखाली द्यायचं. याची गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास, हे औषध मुळात एका सूक्ष्मजीवाचं सिडेरोफोर आहे. म्हणजे लोह पकडायची जंतूंची चावीच आपण औषध म्हणून वापरतो. परिणाम असा की म्युकर आणि यर्सिनिया हे दोन जंतू या औषधानं पकडलेलं लोह स्वतःसाठी वापरू शकतात. म्हणून हे औषध चालू असताना ताप आला, विशेषतः पोटात दुखत असेल, तर ते लगेच थांबवून हॉस्पिटल गाठायचं, असा नियम आहे.

मग लोह पकडायचं दुसरं औषध देऊन बुरशीला उपाशी मारता येईल का? हेही करून पाहिलं गेलं. म्युकर झालेल्या २० पेशंटवर एक छोटी चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला. बुरशीच्या औषधाबरोबर डेफेरासिरॉक्स दिलेल्या गटात मृत्यू उलट जास्त झाले. त्या गटात मुळातच गंभीर पेशंट जास्त होते हे खरं, पण तेव्हापासून म्युकरवर उपाय म्हणून ही गोळी देण्याचा उत्साह मावळला.

कधी सुरुवात करायची? पेशी नीट रुजल्यावर, किडनी आणि इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर. बहुतेक ठिकाणी पहिले काही महिने जाऊ देतात. हा निर्णय ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचा. तुमचं काम त्यांना विचारण्याचं, कारण फॉलो-अपच्या दहा मिनिटांत हा मुद्दा सहज राहून जातो.

घरी काय बघायचं?

पहिली गोष्ट, आयर्न टॉनिक. ट्रान्सप्लांटनंतर काही महिने हिमोग्लोबिन कमी असणं नेहमीचं आहे. गावाकडच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला की ते चांगल्या हेतूनं लोहाची गोळी लिहून देतात. मेडिकलवालाही देतो. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांमध्येही लोह असतं, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ट्रान्सप्लांटच्या टीमला विचारल्याशिवाय यातलं काहीही नको. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्याही नकोत. त्यांनी लोह जास्त शोषलं जातं आणि साठलेलं लोह हलतं.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बीट-गूळ-डाळिंबाच्या रेसिपी? त्यानं फार बिघडत नाही, पण उपयोगही नाही. उलट्या टोकाला जाऊन पालक बंद, लोखंडी तवा माळ्यावर, असं करणाऱ्या घरांनीही जरा हिशोब करावा. एका पिशवीत २०० मिलिग्रॅम, ताटातून शरीरात जाणारं दिवसाला १-२ मिलिग्रॅम. अशक्त पेशंटचं जेवण तोडून फारसं काही हाती लागत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह थोडं कमी शोषलं जातं, चालत असेल तर घ्या. कच्चं मात्र टाळा. अर्धवट शिजलेली कालवं आणि तिसऱ्या तर अजिबात नकोत. समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो. लोह साठलेल्या माणसात तो काही तासांत रक्तात पसरून जीव घेऊ शकतो. पायाला जखम असेल तर समुद्रात उतरणंही त्याच कारणासाठी नको.

दुसरी गोष्ट, ताप. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट. थर्मामीटरनं हा आकडा दाखवला की क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू, असं करायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी ट्रान्सप्लांट युनिटला फोन करायचा आणि निघायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना अँटिबायोटिक किती लवकर सुरू झालं यावर बरंच काही अवलंबून असतं. ट्रान्सप्लांटला वर्ष झालं, आता सगळं ठीक, असं वाटत असतानाही. न्यूमोनियासारखे काही जंतू उशिराच गाठतात. लहानपणी घेतलेल्या लसींचं संरक्षणही ट्रान्सप्लांटमध्ये बरंच पुसलं जातं, त्या लसी सहा महिने ते वर्षभरानंतर नव्यानं घ्याव्या लागतात. त्यांचं वेळापत्रक मागून घ्या.

आणि एक वही. त्यात आजवर किती पिशव्या चढल्या, कुठे, कधी, हे लिहून ठेवा. हॉस्पिटलं बदलतात, फायली हरवतात. जुन्या डिस्चार्ज कार्डांवरून आकडा काढता येतो, ब्लड बँकेच्या पावत्याही चालतात. त्या आकड्याला २०० नं गुणलं की किमान किती मिलिग्रॅम लोह बाहेर काढायचं आहे त्याचा ढोबळ अंदाज येतो. पुढच्या भेटीत ही वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन शेवटचं कधी तपासलं, एमआरआय कधी करायचा, हे विचारून त्याच पानावर तारीख टाकून घ्या.